उद्यापासून नक्की
(वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न : ताई, सलाम. मी 43 वर्षांचा, भोसरीला कंपनीत कामाला, मूळ गाव नेवाशाकडचं. लहानपणी संडे स्कूलला पाठांतराचं बक्षीस दरवर्षी माझंच असायचं आणि आज दिवसाला एक अध्याय वाचून होत नाही. दर 1 जानेवारीला ठरवतो की वर्षात बायबल पूर्ण करायचं, मोबाईलमध्ये ॲप पण घेतलंय, पहाटे साडेपाचचा अलार्म लावतो, तो बंद करून म्हणतो संध्याकाळी बघू, आणि संध्याकाळी म्हणतो उद्यापासून नक्की. आमच्याकडे तीन शिफ्ट आहेत, दर आठवड्याला बदलतात, त्यात अजूनच राहून जातं. प्रभूची प्रार्थना म्हणायला बसलो तरी निम्म्यातच मन उठून जातं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचे, उपास धरले ते दुसऱ्या आठवड्यात सुटले. गावाकडे जाणं पण कमी झालंय, वडील गेल्यावर जमिनीच्या वाटणीवरून भावाशी तीन वर्षं बोलणं बंद आहे त्यामुळे नाताळ पण इकडेच करतो. बायको म्हणते तुम्ही आळशी झालात. मला खरंच प्रभूमध्ये वाढायचंय पण सुरुवातच होत नाही. काय करू?

उत्तर : दादा, सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एक गोष्ट आधीच सांगते, तुम्ही आळशी नाही. जो माणूस नाईट करून येतो, पुन्हा फर्स्टला हजर होतो आणि एवढं सगळं होऊन स्वतःहून लिहितो की मला वाढायचंय, त्याला आळशी कसं म्हणायचं? वहिनींना पण माझा सलाम सांगा, त्या काळजीपोटीच बोलतात.

आता फेलिक्सची आठवण करून देते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, 24 वा अध्याय. हा रोमी सुभेदार, कैसरियात प्रेषित पौल त्याच्या कैदेत होता. बायकोला, द्रुसिल्लाला, शेजारी बसवून त्याने पौलाला बोलावून घेतलं, पौल नीतिमत्त्वाबद्दल बोलला, स्वतःवर ताबा ठेवण्याबद्दल बोलला, येणाऱ्या न्यायाबद्दल बोलला, तसा फेलिक्स घाबरला आणि म्हणाला आत्ता जा, सवड झाली की बोलावतो. हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण पुढचं आपण वाचतच नाही. त्याने पुढे पौलाला खरंच बोलावलं, पुष्कळदा बोलावलं, गप्पा केल्या, असं दोन वर्षं चाललं! म्हणजे ऐकायला त्याला वेळ होता. पण द्रुसिल्ला दुसऱ्याची बायको होती, तिला त्याने फूस लावून आणलेलं, हे योसेफस नावाच्या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि पौलाकडून लाच मिळेल ही आशा होती असं तर शास्त्रातच आहे. त्याने वचन पुढे ढकललं नाही, त्या वचनाने ज्या दोन ठिकाणी बोट ठेवलं तेवढंच ढकललं.

म्हणून दादा, रागावू नका पण विचारते, प्रभूच्या प्रार्थनेत तुमचं मन नेमकं कुठल्या ओळीला उठून जातं? मला वाटतं "आमची ऋणे सोड" च्या आसपास, कारण तिथे आपण आपल्याच तोंडाने म्हणतो की आम्ही जसं दुसऱ्यांना सोडलं तसं. अलार्म, ॲप, लेंट हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि भावाचं एका वाक्यात, ते पण नाताळ इकडे का करतो हे सांगताना. माझं चुकत असेल तर सोडून द्या. पण तुमची प्रार्थना रोज उद्यावर जातेय त्याचं कारण मला तिथेच दिसतं, की प्रार्थनेला बसलं की भाऊ आठवणार, मग बसायलाच नको.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 5 व्या अध्यायात, प्रभू येशू काय म्हणाला बघा. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. चूक कोणाची हे तिथे विचारलेलंच नाही, हे मला अजूनही जड जातं. आणि ऐकणारे होते गालीलातले, वेदी यरुशलेमात, पायी तीन-चार दिवसांची वाट. एवढं चालत मागे जायचं, भावाशी बोलायचं, परत तेवढंच चालत यायचं. तुम्ही सकाळी शिवाजीनगरहून एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला गावात.

पण आधी फोन करा. या रविवारी उपासनेहून आल्यावर, वहिनींना शेजारी बसवून. जमिनीचा विषय पहिल्या फोनमध्ये अजिबात नको. "कांदा काढला का, पोरांचं कसं चाललंय" एवढंच विचारा आणि जमलंच तर म्हणा की वडिलांची आठवण येते. क्षमा करणं म्हणजे हक्क सोडणं नाही, सातबारा, मोजणी, वकील ज्याचं त्याचं काम त्याच्या गतीने होऊ दे, ते वेगळं आहे. त्याने फोन उचलला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा करा. तो कडू बोलला तरी तुम्ही उलट बोलू नका. आपल्याकडून होईल तेवढं करायचं हे रोमकरांस पत्रात पौलानेच लिहिलंय, सगळं आपल्या हातात नसतंच.

वाचनाचं थोडक्यात सांगते. साडेपाचचा अलार्म काढून टाका, तीन शिफ्टवाल्याला तो तीन आठवड्यांतून एकदा धड बसला तर बसतो. वाचन घड्याळाला नाही, कंपनीच्या बसला बांधा, कारण शिफ्ट कुठलीही असो, बस आहेच. वर्षाचा प्लॅन पण सोडा, 1189 अध्याय म्हणजे रोज तीन-चार, दोन दिवस चुकले की डोंगर होतो. मी स्वतः कितीतरी फेब्रुवारी लेवीयमध्ये अडकून काढलेत, उत्पत्ती आणि निर्गम जोरात व्हायचं आणि मग होमार्पणांचे नियम आले की पुस्तक मिटायचं, शेवटी आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या पाळकीणबाई मला म्हणाल्या, अगं चुकलेले दिवस भरून काढायला हे काय किराणा दुकानाचं खातं आहे का, आजचं वाच. तेव्हापासून मागचं मोजणं सोडलं. तुम्ही मार्कचं शुभवर्तमान घ्या, 16 अध्याय, बसमध्ये रोज एक. नाईट करून डोळे मिटत असतील त्या दिवशी स्तोत्र 117, दोनच ओव्या आहेत. उपासाचं पुढच्या लेंटला बघू.

फोन झाला की मला कळवा. झाला नाही तरी कळवा, मी प्रार्थनेत आहे.

प्रश्न : ताई, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, रात्री चार-चारदा उठतं. आधी मी रोज तासभर प्रार्थना करायचे, आता रोज चालढकल होते, खूप अपराधी वाटतं. — एक बहीण, वसई

उत्तर : बाळा, याला चालढकल म्हणत नाहीत, याला थकवा म्हणतात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग उठवून पुन्हा खायला घातलं. पाजताना बाळाच्या डोक्यावर हात ठेवून "प्रभू, हे तुझं आहे" म्हणालीस की झाली आजची प्रार्थना. आणि दुपारी ते झोपलं की भांडी तशीच राहू दे, तू पण झोप.