तिसरा ड्रॉप, कपाटातला लॅपटॉप आणि लाल-निळे चौकोन

बार्शीकडून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीने दोन वर्षं ड्रॉप घेऊन (बारावीनंतर कॉलेजला न जाता घरी तयारी करून) दोनदा नीट दिली, मागच्या वेळी ७२० पैकी ४३१. आता तिसरा ड्रॉप, तर क्लास लातूरला लावू का कोट्याला पाठवू, एवढाच प्रश्न. मुलगी म्हणते मला कॅन्सरवर रिसर्च करायचाय, आणि वडील म्हणतात त्यासाठी आधी डॉक्टर तर हो.

दादा, नमस्कार. तुम्ही लिहिलंय ‘आम्ही नीट दिली’, ‘आम्हाला ४३१ पडले’, ‘आमचं फिजिक्स कच्चं आहे’. पेपर तुम्ही दिला होता का? दोन पानांच्या पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीत येतं आणि तेही तक्रार म्हणून. ४३१ चं काय करायचं ते सांगता येईल हो, मार्कांचं कधीच एवढं अवघड नसतं, पण लॅपटॉप कपाटात कुलूपबंद करून किल्ली खिशात घेऊन फिरणाऱ्या बापाला काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही. वीस वर्षांच्या पोरीचा लॅपटॉप!

आणि पुरावा म्हणून तुम्ही तिच्या वहीचा फोटो पाठवलाय, ‘अभ्यास सोडून भरतकामाची डिझाइनं काढत बसते’ म्हणून. मी तो झूम करून पाहिला. ग्राफच्या वहीत स्केचपेनने रंगवलेले लाल आणि निळे चौकोन, डावीकडे बारीक अक्षरात सीडी८ए, जीझेडएमबी, पीडीसीडी१. दादा, हे भरतकाम नाही, याला हीटमॅप म्हणतात. आडवी ओळ म्हणजे एक जीन (जनुक), उभी म्हणजे एका पेशंटची गाठ, लाल म्हणजे तो जीन तिथे जोरात चालू, निळा म्हणजे मंद. आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींत तेच साधारण २० हजार जीन असतात, कुठले चालू आणि कुठले बंद यावरून ती पेशी यकृताची का रक्तातली ते ठरतं. पोरीने कॅन्सरच्या गाठींचा फुकट मिळणारा डेटा उतरवून घेतला असणार आणि लॅपटॉप गेल्यावर राहिलेलं हाताने रंगवलं. खाली तिने लिहिलंय, ‘आत्याला इंजेक्शन लागू पडलं, शेजारच्या बेडवरच्या काकांना का नाही?’ फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी तिच्या आत्याला दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपी (शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं इंजेक्शन) चालू होती आणि ‘तेव्हापासून हे खूळ’, असं तुम्हीच लिहिलंय. त्या खुळावर जगभर लॅबा चालतात.

आता ‘आधी डॉक्टर’. हा गैरसमज मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. आपल्याच टी पेशींना, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींना, लागलेला ब्रेक सोडवला की त्या कॅन्सरवर तुटून पडतात, या शोधासाठी २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं, त्यातले होंजो डॉक्टर, पण जेम्स ॲलिसन पीएचडीवाले. २०२५ चं नोबेलही रोगप्रतिकारक पेशींसाठीच होतं, तिघांपैकी मेरी ब्रंकाव आणि फ्रेड राम्सडेल दोघंही डॉक्टर नाहीत, आजारी उंदरांच्या एका जातीत नेमका कुठला जीन बिघडलाय ते शोधत बसलेली माणसं. लांब कशाला, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली आपली पहिली कार-टी थेरपी, म्हणजे पेशंटच्याच टी पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून केली. म्हणजे डॉक्टर लागतातच, पण सगळ्यांनी तेच व्हायचं नसतं. तिला पेशंट तपासायचे नाहीयेत.

रस्ता सांगते. आयसरची, म्हणजे विज्ञान आणि संशोधन शिकवणाऱ्या सरकारी संस्थांची परीक्षा, त्यात गणितही असतं, आणि बारावी होऊन फार वर्षं झाली की ती देताच येत नाही, म्हणून यंदाचं ब्रोशर आजच बघा, तिसऱ्या ड्रॉपच्या नादात हे दार बंद व्हायचं. दार बंदच झालं असेल तर चांगल्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम, एमएस्सी, पीएचडीची शिष्यवृत्ती मिळवून देणारी नेट, आणि पीएचडी टाटा मेमोरियलच्या खारघरमधल्या कॅन्सर संशोधन केंद्रात (ॲक्ट्रेक) किंवा पुण्यातल्या पेशीविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत (एनसीसीएस). वेळ लागतो, पीएचडीच पाच-सहा वर्षं खाते. पीएचडीच्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीत (जेआरएफ) महिना ३७ हजार आणि घरभाडं, तेही कधी कधी उशिरा येतात. खोटं चित्र रंगवणार नाही.

लातूर का कोटा, याचं उत्तर मी देणार नाही.

मुलीसाठी एक प्रश्न देते, तिला वाचून दाखवा. बाळा, पूर्ण गाठ वाटून जीन मोजले की ते मिसळ मिक्सरमधून काढल्यासारखं होतं. तुझ्या चौकोनात टी पेशींतला सीडी८ए जीन लाल दिसतोय, तर गाठीत टी पेशीच जास्त आहेत, का तेवढ्याच पेशींत तो जीन जास्त चालू आहे? हे कसं ओळखशील? उत्तर तू स्वतः टाइप करून पाठव.

दादा, त्यासाठी तिला लॅपटॉप लागेल.