परसातील कोंबड्यांच्या खाद्याचा खर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोहोळ तालुक्यात शेतातील वस्तीवर मी आणि माझ्या सासूबाई गावरान व वनराज (परसात पाळायची सुधारित जात) मिळून सुमारे २०० पक्षी सांभाळतो, त्यांत ३५ कोंबडे आहेत. पक्षी दिवसभर मोकळे फिरतात, तरीही सकाळ-संध्याकाळ विकतचे लेअर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे) खाद्य घालावे लागते आणि अंड्यांचे जवळजवळ सगळे पैसे खाद्याच्या पोत्यांतच जातात. ज्वारी घरची आहे. विकतचे खाद्य बंद करून नुसती ज्वारी घातली तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, मोहोळ

उत्तर : नुसत्या ज्वारीवर आपल्या कोंबड्या जगतील, परंतु अंडी फार कमी देतील. ज्वारीत प्रथिने शंभरात नऊ-दहा भाग असतात, तर अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ती सोळाच्या आसपास लागतात; आणि टरफलासाठी लागणारे कॅल्शियम ज्वारीत नसल्यासारखेच आहे. पोत्यांचा खर्च वाचला तरी अंडी त्याहून जास्त घटली, तर प्रत्येक अंडे आपल्याला पूर्वीपेक्षा महागच पडेल. म्हणून हिशेब पोत्याच्या भावावर न करता महिन्याच्या खाद्यखर्चाला महिन्याच्या अंड्यांनी भागून करावा, असे मी आग्रहाने सुचवतो. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका आकड्यासाठी आहे.

पहिली बचत खाद्यात नसून कळपातच आहे. बंदिस्त मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते आणि कोंबडा त्याहून कमी खात नाही. अंडी उबवून पिल्ले काढायची असतील तर दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, म्हणजे आपल्याकडे सोळा-सतरा कोंबडे पुरेत. नुसती खाण्याची अंडी विकायची असतील तर कोंबड्याची गरजच नाही, कारण कोंबडी कोंबड्यावाचूनही अंडी घालते. वरचे अठरा-वीस कोंबडे पूर्ण खाद्यावर असतील तर ते महिन्याला ६० किलोंहून अधिक खाद्य संपवतात. गावरान कोंबड्याला सोलापूरच्या बाजारात गिऱ्हाईक चांगले असते. वजन भरले की त्यांना थांबवून ठेवू नये.

त्यानंतर कोंबड्या तपासाव्यात. हे काम रात्री, पक्षी खुराड्यात शांत बसलेले असताना, बॅटरीच्या उजेडात सोपे जाते. कोंबडी काखेत धरून तिच्या मागील बाजूची दोन बारीक, टोकदार हाडे बोटांनी चाचपावीत. अंड्यावर असलेल्या कोंबडीच्या या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटे सहज बसतात, गुदद्वार मोठे व ओलसर असते, तुरा लाल आणि हाताला मऊ लागतो. जिच्या हाडांत जेमतेम एक बोट मावते आणि जिचा तुरा सुकलेला व फिकट आहे, ती त्या वेळी अंडी देत नाही. मात्र एका तपासणीवर कोणतीही कोंबडी काढून टाकू नये. खुडूक (अंडी थांबवून उबवायला) बसलेली किंवा पिसे झडत असलेली कोंबडी काही आठवड्यांनी पुन्हा अंड्यावर येते, आणि गावरान कोंबडी तर वर्षातून अनेकदा खुडूक होते. पायात रंगीत कडी घालून महिन्याभराने पुन्हा तपासावे. तेव्हाही स्थिती तीच असेल आणि वय दोन वर्षांपुढे गेले असेल, तर तिला विकणे योग्य. त्याआधी सर्व पक्ष्यांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्यांत जंत हटकून असतात आणि पोटात गेलेले खाद्य ते पुरते अंगी लागू देत नाहीत.

दुसरी बचत सांडणाऱ्या खाद्याची. भांडे काठोकाठ भरले की कोंबडी चोचीने खाद्य उडवते, आवडीचा दाणा निवडते आणि उरलेला भरडा मातीत जातो. भांडे अर्ध्याहून कमी भरावे आणि त्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला येईल असे टांगावे. रात्री भांडी उचलून झाकणाच्या पिंपात ठेवावीत, कारण उंदीर-घुशी जेवढे खातात त्याहून अधिक नासवतात. हा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि बहुतेक घरी तो शेवटी केला जातो याचे मला वाईट वाटते.

आता ज्वारीविषयी. पांढरी ज्वारी मक्याच्या जागी बऱ्याच प्रमाणात चालते, लाल-तपकिरी ज्वारीत मात्र टॅनिन हे पचनाला अडथळा करणारे तुरट द्रव्य अधिक असते. पण मंगळवेढ्याच्या मालदांडी या रब्बी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि आपल्या भागातील उत्तम शाळूला खाणाऱ्यांकडून जो भाव मिळतो, तो बहुतेक वेळा मक्याहून चढा असतो. अशी ज्वारी कोंबड्यांना घालणे म्हणजे घरातला पैसाच घालणे होय. ती विकून मका घ्यावा. कोंबड्यांना हलकी, फुटकी, बारीक ज्वारी आणि खळ्यावरचे मातेरे चाळून घालावे. काणी रोगाचे काळे दाणे आणि बुरशीचा वास येणारे धान्य कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, आणि पेरणीतून उरलेले औषध लावलेले बियाणे चुकूनही पक्ष्यांसमोर जाऊ देऊ नये.

प्रथिनांसाठी सोयाबीन पेंडीला तोड नाही. तिच्यात सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात. घरचे कच्चे सोयाबीन दळून घालू नये, कारण त्यातील घटक प्रथिनांचे पचन अडवतात. ते नीट भाजल्यावरच द्यावे. सूर्यफुलाची पेंड आणि डाळ मिलमधील तुरीची चुणी (डाळ करताना उरणारा चुरा) सोलापूर-बार्शीकडे सहज मिळते व सोयापेंडीचा थोडा भार उचलते, परंतु दोन्हींत तंतू जास्त असल्याने प्रमाण राखावे लागते. सरकी पेंड गाई-म्हशींसाठीच ठेवावी. तिच्यातील गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्याच्या बलकाचा रंग बिघडतो. जनावरांच्या तयार खाद्यात युरिया असू शकतो आणि तो कोंबडीच्या काहीच कामाचा नाही. पेंडींची तुलना करताना भावाला प्रथिनांच्या टक्केवारीने भागावे. समजा, ४५ टक्क्यांची पेंड ४५ रुपये किलो आणि २८ टक्क्यांची ३२ रुपये किलो असेल, तर दिसायला स्वस्त असलेली दुसरी पेंडच प्रत्यक्षात महाग आहे.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी १०० किलो मिश्रण करायचे झाल्यास मका ३० किलो, ज्वारी २६ किलो, गव्हाचा कोंडा ८ किलो, सोयापेंड १८ किलो, सूर्यफूल पेंड ५ किलो, तूरचुणी ४ किलो, शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा चुरा ७ किलो, कोंबड्यांसाठीचे खनिज-जीवनसत्त्व मिश्रण १ किलो ७०० ग्रॅम आणि मीठ ३०० ग्रॅम असे प्रमाण घ्यावे. यात प्रथिने साधारण साडेसोळा टक्के येतात. खनिज मिश्रण कोंबड्यांचेच असावे, जनावरांचे नव्हे. वीस-पंचवीस दिवसांत संपेल इतकाच भरडा करावा. हे मिश्रण वाढत्या तलंगांना (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना) व पिल्लांना देऊ नये, कारण एवढे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. पिल्लांना पहिले सहा ते आठ आठवडे विकतचे स्टार्टर खाद्यच द्यावे. तेथे केलेली काटकसर पुढे अंड्यांत भरून निघत नाही.

आपले पक्षी मोकळे फिरत असल्याने त्यांना १०० ते १२० ग्रॅमचे पूर्ण खाद्य बारा महिने लागणार नाही. पावसाळ्यानंतर गवत, किडे आणि पुढे सुगीचा सांडलेला दाणा मिळतो, तेव्हा निम्म्याने काम भागते. चैत्र-वैशाखात मात्र रान कोरडे ठणठणीत असते आणि त्या दिवसांत हात आखडला तर अंडी लगेच उतरतात. किती घालावे हे पक्षीच सांगतो : तिन्हीसांजेला पाच-सहा कोंबड्यांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहावी. ती टच्च भरलेली असेल तर खाद्य थोडे कमी करून पाहावे, सैल व रिकामी लागली तर वाढवावे. सकाळी थोडाच भरडा द्यावा म्हणजे पक्षी चरायला बाहेर पडतात, आणि मुख्य खाद्य संध्याकाळी द्यावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपुढे गेला की दुपारी कोंबडी खात नाही, म्हणून उजाडताच आणि ऊन कलल्यावरच खाद्य ठेवावे, आणि सावलीत मातीच्या भांड्यांत गार पाणी दिवसभर असावे. पाणी कमी पडले तर चांगल्यात चांगले खाद्यही अंड्यांत उतरत नाही.

प्रश्न : ॲझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी हिरवी वनस्पती) केल्यास खाद्याचा खर्च निम्मा होतो असे एका विक्रेत्याने सांगितले. माझ्याकडे १५० कोंबड्या आहेत. दोन खड्ड्यांतून रोज दोन किलो ॲझोला निघेल. हा खर्च करावा का?
— एक शेतकरी, सांगोला

उत्तर : एवढ्या ॲझोल्याने खर्च निम्मा होणार नाही. वाळलेल्या ॲझोल्यात प्रथिने २० ते २५ टक्के असतात हे खरे, पण ताज्या ॲझोल्यात ९३ ते ९५ टक्के पाणीच असते. आपल्या दोन किलोंत कोरडा भाग १०० ते १४० ग्रॅम आणि त्यात प्रथिने २० ते ३५ ग्रॅम निघतील. आपल्या १५० कोंबड्यांना दिवसाला अडीच किलोंहून अधिक प्रथिने लागतात, यावरून आपणच अंदाज घ्यावा. शिवाय सांगोल्याच्या उन्हाळ्यात ॲझोला मरगळून जातो आणि त्याला सावली व पाणी द्यावे लागते. ज्या दिवसांत पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्या दिवसांत मी ते पाणी खड्ड्यात ओतायला सांगणार नाही.

हिरव्या पाल्याचा उपयोग मात्र आहे. ज्वारी अधिक घातल्यावर बलक फिकट पडतो, कारण मक्यातील पिवळे रंगद्रव्य ज्वारीत नसते. लसूणघास किंवा शेवग्याचा पाला दिल्यास रंग परत येतो आणि गावरान अंड्याचे गिऱ्हाईक तो रंग बघूनच पैसे देते. बांधावर शेवग्याची आठ-दहा झाडे लावावीत. पाला जुडी बांधून पक्ष्यांच्या मानेच्या उंचीला टांगावा, म्हणजे तो तुडवला जात नाही. सुबाभूळ मात्र फार थोडी द्यावी, तिच्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते.

प्रश्न : हॉटेलातील उरलेले अन्न आणि बाजार समितीत टाकून दिलेला भाजीपाला फुकट मिळतो. तो कोंबड्यांना घालावा का?
— एक वाचक, सोलापूर शहर

उत्तर : भात, चपाती, भाकरी त्याच दिवशीची असेल तर एकूण खाद्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत चालेल, त्याहून जास्त घातल्यास पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात आणि अंडी घटतात. खारट रस्सा, लोणचे, फरसाण, शेव घालू नये, कारण जास्त मीठ कोंबडीला, विशेषतः पिल्लांना, मारक ठरते. भाजीत कोबी, पालक, मेथी, गाजर चांगले. सोलापूरच्या बाजारात खराब कांदा ढिगाने मिळतो, तो घालू नये. कांदा जास्त प्रमाणात पोटात गेला तर कोंबडीचे रक्त कमी होते. आणलेला माल निवडून बुरशीचा भाग काढावा, आणि संध्याकाळी जे उरेल ते उचलून खताच्या खड्ड्यात टाकावे.