फिकट निळा हवा, तर लोह नको

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): माझ्याकडे १२८० अंशांपर्यंत जाणारी विजेची भट्टी आहे. चिनी बादशहांच्या फिकट निळ्या भांड्यांचा रंग साधण्यासाठी ग्लेझमध्ये (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात) लोह घालते, पण दर वेळी पिवळट छटा येते. प्रमाण चुकतंय का?

उत्तर: प्रमाण नव्हे, धातूच चुकतोय. चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या ‘रू’ नावाच्या भांड्यांचा निळसरपणा लोहाचाच, पण तो भट्टीत हवा कोंडली तरच उमटतो. विजेच्या भट्टीत हवा मोकळी, म्हणून लोह पिवळं पडतं. कांग्शी बादशहाच्या (१६६२–१७२२) काळात जिंगदेजेन या चीनमधल्या पोर्सिलेनच्या शहरात चांदण्यासारखा निळा ग्लेझ निघाला, त्यात मात्र कोबाल्ट आहे. त्याला हवा असली-नसली सारखीच.

फेल्डस्पार ४०० ग्रॅम, क्वार्ट्झ ३००, व्हायटिंग (चुनखडीची पूड) २००, चायना क्ले १००. आणि या किलोभर कोरड्या मिश्रणाला कोबाल्ट कार्बोनेट अवघं २ ग्रॅम. १० ग्रॅम घातलंत तर थेट गडद निळा! कार्बोनेट आधी थोड्या पाण्यात खलात घोटा, मग सगळा घोळ १०० नंबरच्या जाळीतून दोनदा गाळा. इथे आळस केला की निळे ठिपके आलेच. १, २ आणि ३ ग्रॅमचे तीन नमुने आधी भाजून पाहा. भट्टी १२८० ला पोचली नाही तर ग्लेझ नीट वितळत नाही, पांढुरका आणि खरखरीत राहतो. कोरडी पूड हाताळताना मास्क हवाच.

माती पांढरीशुभ्र पोर्सिलेनचीच घ्या. लोह असलेल्या मातीवर हाच ग्लेझ राखाडी, मळकट दिसतो, आणि बहुतेकांचा रंग फसतो तो इथेच. टाल्क किंवा डोलोमाइट घातलंत तर निळा जांभळ्याकडे झुकतो. काठावर थर पातळ होऊन पांढरी रेघ दिसेल. तो दोष नव्हे. मोठ्या भांड्यावर थर एकसारखा बसवायला जिंगदेजेनचे कारागीर बांबूच्या नळीच्या तोंडाला तलम कापड बांधून ग्लेझ फुंकत. तुम्हाला स्प्रे गन पुरे.

प्रश्न (रावपुरा, बडोदा): आजीच्या फिकट निळ्या वाडग्याच्या बुडाशी कांग्शीची सहा अक्षरी मोहोर आहे. वाडगा त्याच काळचा समजावा का?

उत्तर: नुसत्या मोहोरेवरून नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही जुन्या बादशहाच्या मानाखातर तीच अक्षरं लिहीत. जाणकाराला बुडाची कड, वजन आणि ग्लेझ प्रत्यक्ष दाखवा. तोवर ब्लीच लावू नका, उकळत्या पाण्यातही घालू नका.