'प्रायर'ला मठाधिपती म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : मध्ययुगीन युरोपातल्या क्लूनी मठाबद्दल वाचताना 'ॲबट' आणि 'प्रायर' असे दोन अधिकारी भेटतात. मराठीत दोघांनाही 'मठाधिपती' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. क्लूनीने जे नवं केलं, ते या दोन पदांमधल्या फरकातच आहे आणि एकच शब्द वापरला की ते पुसलं जातं.

संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीत प्रत्येक मठ स्वतंत्र. तिथले व्रतस्थ आपला ॲबट आपणच निवडतात. 'ॲबट'चा मूळ अर्थ बाप. त्याच्या खालोखालच्या अधिकाऱ्याची मात्र बेनेडिक्टला चांगलीच धास्ती होती. नियमावलीच्या ७३ प्रकरणांपैकी ६५वं त्याच्यावरच आहे : हा माणूस फुगतो, स्वतःला दुसरा ॲबट समजू लागतो आणि मठात तट पडतात. या दुय्यमालाच पुढे प्रायर म्हणू लागले.

क्लूनीचा मठ ९१० मध्ये आक्विटेनचा ड्यूक विल्यम याने बरगंडीत स्थापला. त्याच्या मालमत्तेला कुणा सरदाराने वा बिशपाने हात लावू नये, असं दानपत्रातच लिहून दिलं. ॲबट ह्यूच्या ६० वर्षांच्या कारकिर्दीत (१०४९ ते ११०९) शाखा झपाट्याने वाढल्या, पण बहुतेक शाखांना स्वतःचा ॲबट मिळाला नाही. इंग्लंडमधल्या लुईसला १०७७च्या सुमारास क्लूनीची शाखा निघाली. तिचा कारभार प्रायरकडे, ॲबट मात्र क्लूनीचाच. अपवाद होते. म्वासाकचा जुना मठ १०४८ मध्ये क्लूनीच्या छत्राखाली आला, तरी तिथलं ॲबटपद टिकलं.

प्रायरसाठी 'महंत' सुचतो. समर्थांनी ठिकठिकाणच्या मठांवर महंत नेमले, त्या अर्थाने तो फार जवळचा आहे. पण आज महंत म्हटलं की स्वतंत्र गादीचा धनीच डोळ्यांपुढे येतो. म्हणून मी ॲबटला 'मठाधिपती' म्हणेन, 'प्रायर' तसाच ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'क्लूनीच्या हाताखालचा शाखाप्रमुख' असा खुलासा करेन.

हा खुलासा सिस्टर्शियन मठांना मात्र लावू नका. १०९८ मध्ये सितो इथे सुरू झालेल्या या पंथात प्रत्येक शाखामठाला स्वतःचा ॲबट असे आणि हे सगळे ॲबट वर्षातून एकदा सितोला जमत. त्यामुळे क्लेर्व्हो ही सितोची शाखा असली, तरी तिथला बर्नार्ड मराठीतही मठाधिपतीच.