भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतींना ओल आणि बुरशी, घरमालक ऐकत नाही, काय करता येईल?

आधी फोनवर भांडणं थांबवा आणि सगळं लेखी करा, तारखेसकट फोटो काढा आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅप तर कराच पण स्पीड पोस्टानेही पत्र पाठवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे, निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काही केलं नाही तर भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही, त्यामुळे बिलं जपून ठेवा.

पण तुमचं ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठराविक काळ घर वापरायची नुसती परवानगी) असेल तर हे कलम सरळ धरून चालू नका, तिथे अ‍ॅग्रीमेंटच बघावं लागतं, दुरुस्ती कोणाकडे, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती, नोटीस पीरियड किती. भाडं एकदम बंद करू नका प्लीज, उलट तुमच्यावरच येतं.

ओल नक्की कुठून येतेय तेही बघा. गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल तर सहसा सोसायटीने दुरुस्त करायचं असतं, मालकाला सेक्रेटरीकडे लेखी तक्रार द्यायला लावा. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून असेल तर तो फ्लॅटवाला.

घरात लहान बाळ किंवा दम्याचा पेशंट असेल तर मात्र वाट बघत बसू नका, नोटीस देऊन घर बदला, डिपॉझिटसाठी तेच फोटो उपयोगी पडतील.