न्याहाळणे म्हणजे टेहळणे नव्हे

प्रश्न एका आईचा आहे. त्यांची लेक पाचवीत आहे आणि सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. सराव प्रश्नपत्रिकेत एक वाक्य होतं, 'आजी नातवाचा चेहरा न्याहाळत होती.' अधोरेखित शब्दाचा समानार्थी शब्द निवडायचा होता. पर्याय होते टेहळणे, निरखणे, डोकावणे आणि दिसणे. लेकीने 'निरखणे'वर खूण केली. उत्तरसूचीत निघालं 'टेहळणे'. आई विचारतात, बरोबर कोण? आणि क्रियापदांच्या अशा याद्या मुलांकडून पाठ तरी कशा करून घ्यायच्या?

ताई, तुमची लेक बरोबर आहे. त्यात शंकेला जागाच नाही.

ही टेहळणीची चूक मी वर्षानुवर्षं बघतो आहे. एका मार्गदर्शकात छापली गेली की पुढचे चार जण ती जशीच्या तशी उचलतात. 'पाहणे = बघणे = न्याहाळणे = टेहळणे = दिसणे' अशी ओळ असते, मध्ये गणितातलं बरोबरचं चिन्ह. हे चिन्हच मुळात चुकीचं आहे. टेहळणारा माणूस दूरवर नजर लावून असतो, आणि ज्याची तो वाट पाहतो ते अजून आलेलंच नसतं. गडावर टेहळणी बुरूज असतो तो यासाठी. न्याहाळताना मात्र वस्तू डोळ्यांसमोर असते, हाताच्या अंतरावर, आणि नजर तिच्यावरून हलायला तयार नसते. आजीला नातवाचा चेहरा टेहळायला लावणाऱ्याने आजी पाहिली नाही की बुरूज. बातम्यांमध्ये 'पोलिसांनी सीसीटीव्ही फुटेज न्याहाळले' असं म्हणतात तेव्हाही मला असंच टोचतं. फुटेज तपासतात. न्याहाळतात ते बाळाला, जुन्या फोटोला, नव्या लुगड्याच्या काठाला.

पाहणे आणि बघणे सगळ्यांना येतात, ते सोडून देऊ. 'निरखणे'ही थोडक्यात सांगतो. निर् + ईक्ष्, म्हणजे 'निरीक्षण'मधलाच धातू, बोलीत घासून निरखणे झाला. परि + ईक्ष् वरून तसाच पारखणे आला. सोनार दागिना पारखतो आणि शाळा मुलांची परीक्षा घेते, ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत.

पण मला बोलायचं आहे ते न्याहाळण्याबद्दल. संस्कृतात 'निभालयति' असं क्रियापद आहे, अर्थ पाहतो. प्राकृतात ते 'णिहालेइ' झालं. मराठीत आलं न्याहाळणे, गुजरातीत निहाळवुं, हिंदीत निहारना. (त्या हिंदी निहारनावरून हल्ली 'निसर्ग निहारणे' असं लिहिणारे निघाले आहेत. घरचा शब्द फडताळात असताना शेजारून उसना आणू नये.) टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश 1966 साली पुरा झाला. तिथपर्यंत ज्यांना जाता येईल त्यांनी हे कुळ जरूर बघावं.

आता यातला 'नि' बाजूला करा. उरतं 'भालयति', तेही पाहणंच. हा धातू मराठीत तीन जागी बसला आणि जागेप्रमाणे त्याचा 'भ' वागला. शब्दाच्या सुरुवातीला 'भ' टिकतो, जसा भक्तचा भात झाला पण भ राहिला. म्हणून भालयतिचं भाळणे. दोन स्वरांच्या मध्ये 'भ' सापडला की त्याचा 'ह' होतो, जसा आभीरचा अहीर झाला आणि खानदेशाला अहिराणी मिळाली. म्हणून निभालचं न्याहाळ. आणि आधी अनुनासिक असलं की 'भ' पुन्हा तग धरतो, जसा कुंभकारचा कुंभार. म्हणून संभालचं सांभाळ. तिन्हींच्या शेवटचा 'ल' मराठीच्या रीतीने 'ळ' झाला, फलचं फळ आणि कालचा काळ झाला तसाच. भाळणे, न्याहाळणे, सांभाळणे या सख्ख्या बहिणी आहेत. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

भाळण्याचा संबंध कपाळाशी लावणारे पुष्कळ भेटतात. 'भाळी लिहिलेलं असतं म्हणून माणूस भाळतो' असं रसभरित स्पष्टीकरण देतात. ते ऐकायला गोड आहे आणि चूक आहे. कपाळ या अर्थाचा भाळ वेगळा, त्याच्यापासून हे क्रियापद निघत नाही. माणूस आधी पाहतो, मग पाहतच राहतो, आणि त्या पाहत राहण्यालाच भाळणे म्हणतात.

सांभाळण्याबद्दल वाद आहे आणि तो मी टाळणार नाही. काही अभ्यासक तो सम् + भृ कडे नेतात, भरणपोषणाच्या अर्थाने. मला ते मुळीच पटत नाही. एक तर 'भृ'मध्ये 'र' आहे आणि आपल्याकडे 'ळ'. गुजरातीत हे दोन शब्द वेगवेगळे उभे आहेत: संभारवुं म्हणजे आठवणे, 'र' घेऊन, आणि संभाळवुं म्हणजे काळजी घेणे, 'ळ' घेऊन. शिवाय सांभळवुं म्हणजे ऐकणे, तेही 'ळ' घेऊन, आणि ऐकणं हेही पाहण्यासारखं इंद्रियांचंच काम. दुसरं, पाहण्यातून काळजी घेणं निघतं हे सिद्ध करायला आपली रोजची मराठी पुरे. 'गावाकडं आईला कोण बघतं?' या प्रश्नात बघणं म्हणजे डोळ्यांनी बघणं नव्हे. 'दुधाकडे बघ गं जरा' म्हटलं आणि सून खरंच नुसती बघत बसली, तर दूध उतू जाईल. 'देखभाल' घ्या, देख म्हणजे पाहणं आणि भाल म्हणजेही पाहणंच, आणि दोन्ही मिळून अर्थ होतो जपणूक. एवढं समोर असताना भरणपोषणाचा वळसा कशाला? माझं मत ठाम आहे: सांभाळणं म्हणजे मुळात नीट, सगळीकडून पाहणं. ज्यांना 'भृ' हवा त्यांनी आधी या 'ळ'चा हिशोब द्यावा.

हं, तुमचा दुसरा प्रश्न. याद्या पाठ करून घेऊ नका. प्रश्नातलंच वाक्य घ्या आणि एकेक पर्याय त्यात बसवून लेकीला मोठ्याने म्हणायला लावा. 'आजी नातवाचा चेहरा डोकावत होती.' ती हसेल. डोकावायला 'चेहऱ्यात' किंवा 'खिडकीतून' लागतं, विभक्तीच जुळत नाही. 'आजी नातवाचा चेहरा दिसत होती.' पुन्हा हसेल. दिसणे अकर्मक आहे. मी डोंगर पाहतो आणि डोंगर मला दिसतो, यात कर्ता कोण हे पाचवीच्या पोरीला नेमकं कळतं. दोन पर्याय असे कानानेच गळून पडतात. 'चेहरा टेहळत होती' व्याकरणात बसतं, पण तिला विचारा, आजीपासून नातू किती लांब आहे? राहिलं निरखणे. निरखण्यात बारकावा जास्त आणि न्याहाळण्यात माया जास्त, एवढा फरक उरतो. तरी चारांत सर्वांत जवळचं तेच, आणि प्रश्न सर्वांत जवळच्या शब्दाचाच असतो.

रडण्याचंही असंच करून घ्या. मुसमुसणारं मूल आवाज दाबतं, हंबरडा फोडणारं दाबत नाही, आणि विव्हळणाऱ्याला कुठेतरी दुखत असतं. पुटपुटणे आणि खडसावणे दोन्ही बोलण्याच्या यादीत येतात, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रोज एकच क्रियापद घ्या, त्याची चारपाच भावंडं घ्या, आणि प्रत्येकाला घरातलाच एक माणूस नेमून द्या. कोण पुटपुटतं, कोण खडसावतं, हे तिला तुमच्याहून चांगलं ठाऊक असेल.

या परीक्षेत भाषेचे 25 प्रश्न असतात आणि एकेकाला 2 गुण. तेव्हा सराव प्रश्नपत्रिकेतले ते 2 गुण तिचे तिला परत द्या. उत्तरसूचीतलं 'टेहळणे' तिच्याच हाताने खोडून घ्या, शेजारी 'निरखणे' लिहायला सांगा, आणि ते पान शिकवणीच्या सरांना नेऊन दाखवा. त्याच वर्गातल्या बाकीच्या मुलांनी ती चूक पाठ केलेली असणार.