इंग्लंडमध्ये नदीकाठच्या गावात घर घ्यावं का? तिथे हिवाळ्यात खरंच पूर येतो का?

येतो. आणि "खरंच" म्हणजे काय हो? 26 डिसेंबर 2015 ला आम्ही यॉर्कशायरमधल्या कॉल्डर खोऱ्यात, मायथमरॉइड गावात भाड्यानं राहत होतो.

मी सांगलीची. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की खालचं सामान माळ्यावर, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. नाताळच्या संध्याकाळी पाऊस हटेना, तेव्हा मी तांदळाची गोण, कागदपत्रं, मिक्सर असं एकेक वर न्यायला लागले. लीड्सहून सुट्टीला आलेले दीर सोफ्यावर बसून हसत होते. "वहिनी, हे इंग्लंड आहे, सांगली नव्हे. याला आपल्याकडे भुरभुर म्हणतात." त्यांची गाडी नदीलगतच्या रस्त्यावर होती. भाऊजी, चढावर लावून या, म्हटलं. "उद्या बघू."

सकाळी भोंगा वाजला. या खोऱ्यात पुराच्या इशाऱ्याचे भोंगे आहेत. नवरा उंबऱ्याशी टॉवेल कोंबत बसला आणि पाणी आलं तळघरातून, फरशीच्या सांध्यांतून. काळं, डिझेलचा वास मारणारं. दुपारी भाऊजींची गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणाला जाऊन टेकलेली होती. तांदूळ कोरडे. पुढचे दिवस खालसा एड या शीख मदत संस्थेच्या लोकांनी गावाला गरमागरम जेवण दिलं, ते मात्र भाऊजींनी निमूट खाल्लं.

आता त्या भुरभुरीबद्दल. आपल्या आषाढासारखा पाऊस इथे कोसळत नाही, मान्य. पण तो डिसेंबर ब्रिटनमध्ये 1910 पासूनच्या नोंदींतला सगळ्यात ओला महिना ठरला. थंडीत ऊन नाही, पाणी वाळत नाही, डोंगरमाथ्यावरची पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची स्पंजासारखी जमीन आधीच टम्म फुगलेली. वरून पडेल ते सरळ खाली. खोरं इतकं चिंचोळं की नदी, कालवा, रेल्वे आणि रस्ता एकमेकांना खेटून चालतात. कोयनेतून विसर्ग सोडला की सांगलीत निदान आवराआवरीला वेळ मिळतो, इथे नदी काही तासांत चढते. एवढं होऊनही आमच्या घरात "असं शंभर वर्षांतून एकदा होतं" हा जप सुरूच होता. मग 2012 च्या जूनमध्ये काय झालं होतं? आणि 9 फेब्रुवारी 2020 ला? तेव्हा मायथमरॉइडमध्ये पूररोधक भिंतींचं काम सुरू असतानाच पाणी पुन्हा घरांत शिरलं.

तर घर. नदी दिसते म्हणून घेऊ नका. नदी बघायला पायी जाता येतं. शेजारच्या हेब्डन ब्रिज गावात चढावर एकावर एक रचलेली दगडी घरं आहेत, खालच्या दोन मजल्यांचा मालक वेगळा, वरच्या दोहोंचा वेगळा, आणि वरच्याचं दार मागच्या उंच गल्लीत उघडतं. त्यातलं वरचं घ्या. आम्ही तेच घेतलं, भाऊजी "स्टेशनपासून लांब पडतं" म्हणत असताना. एजंट "या घरात पाणी आलेलं नाही" म्हणाला तर तळघर उघडायला लावा आणि भिंतीचं प्लास्टर कमरेपर्यंतच नवं आहे का ते बघा. पूर गेल्यावर तेवढंच खरवडून काढतात आणि मग घर वाळवायची यंत्रं महिनोन् महिने घरघरत राहतात.

हो, विम्याचं राहिलंच. 2016 पासून फ्लड री नावाची योजना आहे, तिच्यामुळे पुराच्या पट्ट्यातल्या घरालाही परवडणारा विमा मिळू शकतो. पण 2009 च्या आधी बांधलेल्या घरांनाच. नवीन टॉवरमधला नदीकाठचा फ्लॅट बघत असाल तर ती तुमच्यासाठी नाही, आणि दुकानासाठी तर नाहीच.

आणि हे सगळं आमच्या खोऱ्याचं. टेम्सच्या सपाट काठाला पाणी हळू चढतं आणि हळूच उतरतं, तिथलं तिथल्या माणसाला विचारा. फक्त माझ्या दिरांना नको.